ब्रिटिश टीव्हीचे जुने विनोदवीर : देवळाली ते मँचेस्टर

डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रज ‘डूलाली’ म्हणतात. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. १८६१ पासून तिथे ब्रिटिश फौजेची छावणी होती आणि मायदेशी परतणारे शिपाई बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने तिथे पडून असत. हाताला काम नाही, वर ऊन, मग भांडणं, दारू आणि शेवटी भ्रमिष्टपणा. शिपायांनी त्याला नाव दिलं ‘डूलाली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास याच देवळालीत तोफखान्याचं करमणूक पथक होतं आणि त्यात जिमी पेरी नावाचा तरुण शिपाई होता. पुढे त्याने डेव्हिड क्रॉफ्टबरोबर बीबीसीसाठी ‘इट एन्ट हाफ हॉट, मम’ लिहिली. १९७४ ते १९८१ या काळात तिची आठ पर्वं झाली, एकूण ५६ भाग. सुरुवातीचं कथानक देवळालीत घडतं, पुढे पथक ब्रह्मदेशात जातं. चित्रीकरण मात्र इंग्लंडमध्येच झालं. एके काळी घरोघरी पाहिलेली ही मालिका बीबीसी आज पुन्हा दाखवत नाही. ब्रिटिश विनोदाच्या जुन्या पिढीबद्दलचा सगळा वाद या एका मालिकेत पाहायला मिळतो, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

छावणीतल्या बेअररचं, रंगी रामचं काम मायकेल बेट्सने केलं. बेट्सचा जन्म झाशीचा, युद्धात तो गुरखा पलटणीत अधिकारी होता आणि हिंदुस्थानी त्याला चांगली येत होती. त्यामुळे त्याचे उच्चार, हातवारे, ‘आम्ही ब्रिटिश लोक’ म्हणतानाची ऐट, सगळं जवळून पाहिलेलं वाटतं. पण चेहऱ्याला तपकिरी रंग फासलेला. तशा ताकदीचा भारतीय नट मिळत नव्हता, असा बचाव नंतर झाला. तो पटत नाही. त्याच मालिकेत चहावाल्याच्या कामात ढाक्याचा दिनो शफीक होता आणि पंखावाल्याच्या कामात बाबर भट्टी. म्हणजे आपल्याकडचे नट सेटवरच होते, फक्त त्यांना छोटी कामं दिली होती. दुसरीकडे हेही खरं, की मालिकेतले कर्नल आणि कॅप्टन निव्वळ बावळट आहेत आणि साम्राज्य संपत आलंय हे रंगी राम सोडून बाकी बहुतेकांना कळून चुकलंय. एकाच दृश्यात साहेबाची टर उडते आणि नेटिव्हाचीही. दोन्ही सुटी करून बघता येत नाहीत.

हा विनोद आला कुठून, ते समजायला उत्तर इंग्लंडमधल्या कामगारांच्या क्लबात जावं लागतं. १८६२ मध्ये हेन्री सॉली या पाद्र्याने अशा क्लबांची संघटना उभी केली. कामगाराने गुत्त्यात न जाता इथे यावं, वाचावं, चार गोष्टी शिकाव्यात, हा हेतू. सुरुवातीला तिथे दारूही नव्हती. ती आली आणि तिच्यामागोमाग गाणं-बजावणं आलं. १९६०च्या दशकापर्यंत असे हजारो क्लब झाले होते. रात्रीचा कार्यक्रम ‘कॉन्सर्ट सेक्रेटरी’ ठरवायचा. तो क्लबचाच सभासद. मध्ये बिंगो, मध्ये गरम ‘पाई’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) आल्याची घोषणा, खोलीभर सिगारेटचा धूर, आणि या सगळ्यात नकलाकाराला माईक मिळायचा.

अशा खोलीत विनोदाचा आकार आपोआप ठरतो. लांबण लावली तर लोक बिअर आणायला उठतात. पात्राची ओळख करून द्यायला वेळ नाही, म्हणून आधीच ठरलेली पात्रं: बावळट आयरिश, कंजूष स्कॉट, कजाग सासू, आणि १९५०-६०च्या दशकात गिरण्यांत, बसगाड्यांवर कामाला आलेले वेस्ट इंडियन आणि पाकिस्तानी. आपल्याकडे ‘एक सरदारजी’ म्हटलं की ऐकणारा हसायच्या तयारीत बसतो, तेच तंत्र. दोन वाक्यांत मांडणी, तिसऱ्यात टोला. हे विनोद कुणा एकाचे नसत. आज एका क्लबात ऐकलेला विनोद उद्या दुसऱ्या नकलाकाराच्या तोंडी असायचा आणि त्यात कुणाला चोरी वाटत नसे.

१९७१ मध्ये मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनवर निर्माता जॉनी हॅम्पने ही मंडळी ‘द कॉमेडियन्स’मध्ये आणली. पद्धत साधी आणि धूर्त होती. प्रत्येकाचा सलग कार्यक्रम प्रेक्षकांसमोर चित्रित करायचा, मग फिती कापून एकेक विनोद सुटा काढायचा आणि अर्ध्या तासात पाच-सहा जणांचे विनोद आलटून पालटून जोडायचे. मध्ये बँजोचा ताफा. न पडलेला विनोद कापून टाकता येत असल्यामुळे प्रत्येक जण सदैव फॉर्मात दिसायचा. पण त्यामुळे दोन गोष्टी बिघडल्या. क्लबात एकच कार्यक्रम वर्षानुवर्षं चालायचा, कारण गाव बदललं की ऐकणारा नवा. टीव्हीवर तोच कार्यक्रम एका रात्रीत देशभर जायचा आणि दुसऱ्या दिवशी शिळा व्हायचा. आणि ज्याची टिंगल होतेय तो क्लबात बहुधा नसायचा. टीव्ही मात्र त्याच्याही घरात होता. त्याची मुलं दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर तोच विनोद ऐकत.

याच कार्यक्रमातून पुढे आलेली दोन माणसं शेजारी ठेवून पाहावीत. बर्नार्ड मॅनिंगचा हार्परहे भागात ‘एम्बसी क्लब’ होता, १९५९ पासूनचा. तो मूळचा गायक, त्यामुळे श्वास आणि थांबा यांवर त्याची विलक्षण पकड होती. याच हुकमतीने तो वंशद्वेषी विनोद सांगे, आणि शेवटपर्यंत सांगत राहिला. १९९५ मध्ये ‘वर्ल्ड इन अ‍ॅक्शन’ या शोधपत्रकारितेच्या टीव्ही कार्यक्रमाने एका जेवणाच्या कार्यक्रमातलं छुपं चित्रण दाखवलं. श्रोते पोलीस होते, मॅनिंग कृष्णवर्णीयांवर विनोद करत होता आणि त्या गर्दीत हजर असलेल्या कृष्णवर्णीय पोलिसालाच त्याने निशाण्यावर घेतलं होतं. चारचौघांत हसण्याचं रूपांतर एकाला कोपऱ्यात घेण्यात कसं होतं, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं.

दुसरा चार्ली विल्यम्स. जन्म यॉर्कशायरच्या रॉयस्टनचा, वडील बार्बाडोसचे. आधी कोळसा खाणीत, मग डॉनकास्टर रोव्हर्सकडून व्यावसायिक फुटबॉल, त्यानंतर क्लब. एक काळा माणूस अस्सल यॉर्कशायरी बोलीत बोलतोय, हाच प्रेक्षकांना पहिला धक्का असे. हसला नाहीत तर तुमच्या शेजारी राहायला येईन, अशी गंमतीची धमकी तो द्यायचा. या वाक्यात त्याचं सगळं कोडं आहे. शेजारी काळं कुटुंब नको ही गोऱ्या वस्तीची भीती तो उघड बोलून दाखवतो, तिची हवा काढतो आणि त्याच वेळी तिला मान्यताही देतो. नंतरच्या पिढीने त्याला नावं ठेवली. ती रास्त होती, पण त्या खोलीत उभं राहायला त्याच्याकडे दुसरी कोणती वाट होती, हेही विचारायला हवं. लेनी हेन्री या पुढच्या काळ्या विनोदवीराच्या पिढीला दार उघडं मिळालं ते त्यानेच आधी ढकललं होतं.

क्लबातून आलेलं सगळंच असं नव्हतं. मँचेस्टरचा लेस डॉसन सासूवरच्या विनोदांसाठी ओळखला जातो. त्याचं खरं वैभव मात्र दोन ठिकाणी आहे. एक, त्याचं बेसूर पियानोवादन. कसाही चुकीचा सूर लावला तर नुसता गोंगाट होतो. डॉसनचा ताल ढळत नाही, गाणं लगेच ओळखू येतं, आणि कान ज्या सुराची वाट बघतो नेमका त्याच्या शेजारचा सूर वाजतो. चांगलं वाजवता येणाऱ्यालाच हे जमतं. दुसरं, रॉय बॅराक्लफबरोबरच्या सिसी आणि एडा या दोन बायका. गप्पांत बाईच्या दुखण्याचा विषय आला की त्यांचा आवाज बंद होतो आणि फक्त ओठ मोठमोठे हलतात. याला लँकशायरमध्ये ‘मी-मॉइंग’ म्हणतात. कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात ऐकू येत नसे, म्हणून बायका ओठांवरून बोलत, आणि घरी चोरून बोलायच्या गोष्टींनाही तीच सवय लागली. मागखात्याचा आवाज काय असतो, हे गिरणगावात वाढलेल्यांना सांगायला नको. त्या गिरण्या आता बंद आहेत; ती ओठांची भाषा या दोघांच्या चित्रफितींत जिवंत आहे.

‘तेव्हा काळच तसा होता’ हे वाक्य या विषयात फार ऐकू येतं. ते अर्धवट आहे, कारण त्या काळातही लोक बोलत होते. गोऱ्या गायकांनी तोंडाला काळं फासून गायचा ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ बीबीसीवर १९५८ मध्ये सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याला माँत्रोच्या टीव्ही महोत्सवाचा ‘सुवर्ण गुलाब’ पुरस्कारही मिळाला. १९६७ मध्ये ‘कॅम्पेन अगेन्स्ट रेशियल डिस्क्रिमिनेशन’ने तो बंद करण्यासाठी बीबीसीकडे अर्ज दिला. बीबीसीने तो आणखी अकरा वर्षं चालवला. म्हणजे आक्षेप माहीत होता, त्याकडे पाठ फिरवली गेली. आक्षेप घेणारे नंतर जन्माला आले, हे खरं नाही.

उपहासाच्या नावाखाली जे झालं ते याहून गुंतागुंतीचं. लेखक जॉनी स्पाइटने ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या मालिकेत अल्फ गार्नेट उभा केला, लंडनच्या ईस्ट एंडमधला तोंडाळ, वंशद्वेषी म्हातारा. त्याचं हसं व्हावं हा हेतू. काम करणारा वॉरन मिचेल स्वतः ज्यू आणि डाव्या विचारांचा. घोळ रचनेत होता. सगळी लांब, रसरशीत भाषणं अल्फला आणि त्याला विरोध करणाऱ्या जावयाला उरलेली कोरडी उत्तरं. शिवाय स्टुडिओतला हशा कोणत्या बाजूने आहे, ते ध्वनिमुद्रणात कळत नाही. परिणामी बरेच प्रेक्षक अल्फला आपला माणूस मानू लागले आणि मिचेलला भेटून शाबासकी देऊ लागले.

याच स्पाइटने १९६९ मध्ये ‘करी अँड चिप्स’ लिहिली, आणि इथे आपल्याला पुन्हा घरी यावं लागतं. तिचा नायक स्पाइक मिलिगन, जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर. वडील ब्रिटिश फौजेत, बालपण पुण्यात, शिक्षण तिथल्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरीमध्ये, पुढे रंगून. ‘द गून शो’ या १९५१ ते १९६० मधल्या रेडिओ कार्यक्रमाने त्याने इंग्रजी विनोदाचं व्याकरणच मोडलं. १९६९च्या वसंतात आलेल्या त्याच्या ‘क्यू ५’मध्ये प्रहसनं शेवटच्या टोल्याशिवाय मधेच सोडून दिलेली असत. ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी चमूची मंडळी ते पाहून चकित झाली आणि त्यांनी ‘क्यू ५’चाच दिग्दर्शक इयन मॅकनॉटन घेतला. त्याच वर्षी हाच माणूस तोंडाला तपकिरी रंग लावून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कारखाना-कामगार झाला. नियामक मंडळाने ‘करी अँड चिप्स’ सहा भागांनंतर बंद करवली. १९७५ मध्ये मिलिगनने ‘द मेल्टिंग पॉट’ काढली. पहिला भाग प्रसारित झाला, पुढचे तयार भाग बीबीसीने दाखवलेच नाहीत. ब्रिटिश टीव्हीला भविष्य दाखवणारा आणि भूतकाळात अडकलेला माणूस एकच होता. आपल्या मातीत वाढला म्हणून त्याला सूट द्यायचं कारण नाही, आणि त्याची थोरवी लपवायचंही नाही.

बेनी हिल या प्रहसनकाराचं प्रकरण निराळं. १९६९ ते १९८९ तो थेम्स टेलिव्हिजनवर होता आणि शंभरावर देशांत विकला गेला. कारण तांत्रिक होतं: बाहेरची दृश्यं बिनसंवादाची, वर संगीत. ब्रिटिश टीव्हीचा वेग सेकंदाला २५ चौकटींचा. कॅमेरा त्याच्या निम्म्या वेगाने चालवला की पडद्यावर धावणं दुप्पट वेगाचं दिसतं. अशा दृश्यात पावलं, वळणं, आपटणं हे चित्रीकरणाच्या वेळी हिशेबाने सावकाश करावं लागतं, नाहीतर पडद्यावर नुसता गिचमिड गोंधळ होतो. हे गणित हिलला पक्कं येत होतं. शेवटच्या पाठलागात बायकाच त्याच्या मागे लागतात, असा बचाव त्याचे चाहते करतात. पण त्याआधी कॅमेरा त्या बायकांच्या अंगावरून फिरत असतो, आणि १९८०च्या दशकात तो अधिकच रेंगाळू लागला. १९८९ मध्ये थेम्सने त्याच्याशी करार संपवला.

तोवर हवा बदलली होती. मे १९७९ मध्ये लंडनच्या सोहोत ‘कॉमेडी स्टोअर’ हा विनोदाचा क्लब उघडला आणि वंशद्वेषी, स्त्रीद्वेष्टे विनोद करायचे नाहीत असं ठरवलेली नवी पिढी तिथून आली. त्यांनी विनोदाची मालकीही बदलली. सांगणाऱ्याने स्वतः लिहिलेलंच सांगायचं.

जुन्याचं जतन करण्यातही घोळ झाले. दोन इंच रुंदीच्या व्हिडिओफिती महाग होत्या, म्हणून १९७०च्या दशकापर्यंत बीबीसी त्या पुसून पुन्हा वापरत असे. अल्फ गार्नेटचे कितीतरी भाग त्यात गेले. जून २०२० मध्ये यूकेटीव्हीने ‘फॉल्टी टॉवर्स’ या हॉटेलातल्या विनोदी मालिकेचा जर्मन पाहुण्यांचा भाग एका म्हाताऱ्या मेजरच्या शब्दांवरून काढला आणि काही दिवसांतच सूचनेसह परत ठेवला. सूचना लावून ठेवणं हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग आहे. पुसलेल्या फितीवरून कुणाचा गुन्हाही सिद्ध होत नाही आणि कौशल्यही शिकता येत नाही.

१९६० मध्ये इंग्रज विनोदी नट पीटर सेलर्सने नकली भारतीय उच्चारांत सोफिया लोरेनबरोबर ‘गुडनेस ग्रेशस मी’ हे गाणं गायलं होतं. पुढे कित्येक वर्षं ब्रिटनमधल्या भारतीय मुलांना त्याच ओळींनी चिडवलं गेलं. १९९८ मध्ये मीरा स्याल, संजीव भास्कर, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया यांनी बीबीसीवरच्या आपल्या मालिकेला तेच नाव दिलं. तिच्या एका प्रहसनात दारू प्यायलेली भारतीय टोळी मुंबईतल्या इंग्लिश हॉटेलात शिरते, गोऱ्या वेटरच्या नावाची वाट लावते, मेन्यूवरचा सगळ्यात मिळमिळीत पदार्थ मागवते, आणि वर चिप्सच्या चोवीस प्लेटा.