रिपोर्टातला लाल आकडा

'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये हल्ली सीईए आणि सीए १९-९ या, कर्करोगाच्या रक्तातल्या खुणा म्हणजे 'मार्कर' मोजणाऱ्या चाचण्याही घातलेल्या असतात. आकडा लाल आला की घरभर झोप उडते, आणि नॉर्मल आला की पोटाची तक्रार ॲसिडिटीच्या गोळीवर ढकलली जाते. जठराच्या कर्करोगापुरतं बोलायचं तर ही दुसरी चूक जास्त महागात पडते.

सीईए सापडलं ते आतड्याच्या कर्करोगात, १९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये. फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी ते शोधलं. गर्भाच्या आतड्यात भरपूर असणारं हे प्रथिन मोठ्या माणसातही थोडं बनतं, पण रक्तात फारसं उतरत नाही. कारण धडधाकट पेशी ते पोकळीच्या बाजूला सोडतात आणि ते शौचावाटे निघून जातं. कर्करोगाच्या पेशींचं हे दिशाभान सुटतं. गाठ भिंतीत खोल शिरली की तोच माल रक्ताकडे वळतो. रोग नुसता आतल्या अस्तरात असतो, म्हणजे जेव्हा तो पूर्ण बरा होण्याची शक्यता सर्वांत जास्त, तेव्हा आकडा बहुधा गप्पच असतो.

सीए १९-९ ची तऱ्हा आणखी वेगळी. ती एक साखरेची साखळी आहे आणि ती बनवणं आपल्या 'लुईस' रक्तगटावर अवलंबून असतं. शंभरातल्या पाच ते दहा जणांना ती बनवताच येत नाही. कर्करोग पसरला तरी त्यांचा आकडा जेमतेम हलतो. उलट पित्तनलिकेत खडा अडकला तर कर्करोग नसतानाही तो भरमसाट वाढतो. सीईएची मर्यादा साधारण ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर धरतात, पण विडी-सिगारेट ओढणारा निरोगी माणूसही ती ओलांडू शकतो.

मग या चाचण्या करायच्याच कशाला? निदान झालेल्या रुग्णात त्या रोगाचा स्वभाव थोडाफार सांगतात. अन्नमार्गाचं रक्त आधी यकृतात जातं आणि यकृत बरंचसं सीईए गाळून टाकतं. रोग यकृतातच जाऊन बसला की या गाळणीला वळसा पडतो आणि आकडा चढतो. सीए १२५ हे आणखी एक मार्कर-प्रथिन वाढलं तर पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर, पेरिटोनियमवर, रोग पसरल्याची शंका येते. या पडद्याच्या पेशीही ते बनवतात. काही थोड्या गाठी तर गर्भाच्या यकृतासारख्या वागून एएफपी नावाचं प्रथिन तयार करतात. त्या यकृतात लवकर पसरतात, म्हणून डॉक्टर त्यांना वचकून असतात.

अर्थात ही फक्त शंका. खात्री सीटी स्कॅनने, कधी दुर्बीण घालून पोटात पाहूनच होते. मूळ निदानही एन्डोस्कोपी आणि बायोप्सीनेच. काही गाठींच्या पेशींवर जास्त असणाऱ्या 'हर-टू' (HER2) प्रथिनावरचं औषध चालेल का, हेसुद्धा बायोप्सीच्या तुकड्यावरच तपासतात.

मार्करचा खरा उपयोग ऑपरेशननंतर. आधी वाढलेला आकडा गाठ काढल्यावर काही आठवड्यांत उतरायला हवा. उतरून पुन्हा दोन-तीन तपासण्यांत ओळीने चढू लागला, तर स्कॅन करायची वेळ आली. केमो सुरू झाल्यावर कधीकधी पेशी फुटून आकडा काही आठवडे उसळतो, त्यावरून औषध लागू पडत नाही असं ठरवू नये. शिवाय प्रत्येक किटचं मोजमाप वेगळं, त्यामुळे एका लॅबचा २० आणि दुसरीचा ३० यांची तुलना व्यर्थ. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी आणि ऑपरेशनआधीचा पहिला रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवावा. डॉक्टर आधी तोच मागतात.