कामगार नुकसानभरपाई व्यवस्थांची राज्यनिहाय तुलना (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कामावर जखमी झालेल्या कामगाराला वैद्यकीय उपचार व बुडालेल्या वेतनाचा काही भाग देणारी व्यवस्था प्रत्येक राज्याने स्वतःच्या कायद्याने उभारली आहे. विस्कॉन्सिनचा कायदा १९११ मध्ये अंमलात आला. मिसिसिपीने असा कायदा सर्वांत शेवटी, १९४८ मध्ये केला. चूक कोणाची हे न पाहता भरपाई मिळते आणि त्या बदल्यात कामगार मालकाविरुद्ध दावा लावण्याचा हक्क सोडतो. टेक्ससमध्ये मात्र खासगी मालकाला या व्यवस्थेबाहेर राहण्याची मुभा आहे.

ही भरपाई देता यावी म्हणून मालक विमा घेतात. या विम्याचे राज्यांतील सरासरी हप्ते नुसते शेजारी मांडल्यास फसगत होते, कारण जिथे लाकूडतोड व खाणकाम अधिक तिथला हप्ता कार्यालयीन कामे अधिक असलेल्या राज्यापेक्षा चढाच असणार. म्हणून ऑरेगन राज्य सरकार दर दोन वर्षांनी आपल्याकडील व्यवसायांचेच प्रमाण सर्व राज्यांना लावून १०० डॉलर वेतनामागे पडणारा हप्ता काढते. २०२२ च्या क्रमवारीत न्यू जर्सी (२.४४ डॉलर) सर्वांत महाग, तर नॉर्थ डकोटा (०.५८ डॉलर) सर्वांत स्वस्त ठरले. नॉर्थ डकोटा, ओहायो, वॉशिंग्टन व वायोमिंग येथे खासगी विमा कंपन्यांना हा विमा विकता येत नाही. त्यातही वॉशिंग्टनमध्ये हप्ता वेतनावर नव्हे, तर कामाच्या तासांवर आकारला जात असल्याने तो तुलनेसाठी रूपांतरित करावा लागतो.

स्वस्त हप्ता हा कार्यक्षमतेचा पुरावा मानणे मालकांच्या संघटनांना सोयीचे असले, तरी त्यामागे तुटपुंजी भरपाईही असू शकते. अलाबामात संपूर्ण हात गमावल्यास २२२ आठवडे, आठवड्याला जास्तीत जास्त २२० डॉलर, म्हणजे एकूण ४८,८४० डॉलर मिळतात, आणि ही साप्ताहिक मर्यादा अनेक दशके बदललेली नाही. इलिनॉयमध्ये त्याच हानीसाठी २५३ आठवडे वेतनाच्या ६० टक्के रक्कम मिळते. १९७२ मध्ये राज्यांच्या या कायद्यांचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने १९ शिफारशी अत्यावश्यक ठरवून, १९७५ पर्यंत राज्यांनी त्या न पाळल्यास काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) हस्तक्षेप करावा असे सुचवले होते. तो हस्तक्षेप कधी झाला नाही.

मॅसॅच्युसेट्समधील कामगार नुकसानभरपाई संशोधन संस्था भरपाईच्या प्रत्येक दाव्याचा वैद्यकीय खर्च, पहिली रक्कम मिळण्यास लागलेला वेळ, वकिलांचा सहभाग आणि कामगार कामावर परतला की नाही, हेही तपासते. मात्र भरपाई अपुरी पडल्यावर संघीय सामाजिक सुरक्षेच्या अपंगत्व निधीवर किंवा कामगाराच्या कुटुंबावर सरकलेला खर्च कोणत्याही राज्याच्या विमाहप्त्यात दिसत नाही.