पंच दिसेपर्यंत लागलेला असतो

डिसेंबर २०१५, लास वेगास. एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) म्हणजे पंच, किक, कुस्ती सगळं चालणारी पिंजऱ्यातली फाइट. जोसे आल्डो दहा वर्षं हरलेला नाही, समोर कॉनर मॅकग्रेगर, आणि फाइट १३ सेकंदात खलास. आल्डो पंच मारत आत घुसला, कॉनर थोडा मागे सरकला आणि डावा हात सरळ हनुवटीवर, बस. गंमत म्हणजे आल्डोचा हुकही जवळपास त्याच झटक्यात कॉनरच्या तोंडावर लागलाय, स्लो मोशनमध्ये बघा, पण तोपर्यंत आल्डोचे दिवे गेलेले होते. कॉनरचा पंच काही भिंत पाडेल असा नव्हता. मग एवढा लागला कसा?

याचं उत्तर मनगटात, दंडात शोधायला गेलं की आपण फसतो. टॉपचा स्ट्रायकर (पंच-किक मारून लढणारा) म्हणजे सगळ्यात जोरात मारणारा किंवा सगळ्यात फास्ट माणूस नव्हे, तर समोरच्याच्या मेंदूला उशीर करायला लावणारा माणूस, असं माझं तरी मत आहे, आणि विज्ञान बऱ्यापैकी याच बाजूने आहे.

डोळ्याला काहीतरी दिसलं आणि शरीर हललं, एवढ्यालाच माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, आणि तेही लाइट लागला की बटण दाब इतकं सोपं काम असेल तेव्हा. चांगल्या फायटरने जवळून सोडलेला जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) तेवढ्या वेळात पोचलेला असतो. म्हणजे पंच सुटलेला बघून मग डोकं बाजूला घेतलं असं टॉप लेव्हलला फारसं होतच नाही, आधीच ओळखावं लागतं. फास्ट बॉलरचा बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत येतो म्हणून बॅट्समन हातातून सुटतानाच वाचतो ना, तसंच. खांदा किंचित खाली गेला, कंबर वळायला लागली, वजन मागच्या पायावर गेलं, एवढ्यावरून पुढचं कळतं. म्हणूनच मुरलेले फायटर हातांकडे टक लावून बघत नाहीत, नजर छाती आणि डोक्याच्या आसपास ठेवतात आणि हातपाय नजरेच्या कडेने टिपतात. एमएमए फायटर अँडरसन सिल्वा २००९ मध्ये फॉरेस्ट ग्रिफिनसमोर हात खाली सोडून नुसतं डोकं हलवत होता आणि मग मागे जाता जाता जॅब मारून त्याने फाइट संपवली, ते रिफ्लेक्स वाटतात पण त्यात वाचन जास्त आहे. (आणि वाचन चुकलं की काय होतं तेही त्याच सिल्वाने २०१३ मध्ये क्रिस वाइडमनसमोर दाखवलं, हात खालीच होते.)

आता एमएमएची खरी मजा. १९५२ मध्ये हिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की पर्याय जितके जास्त तितका प्रतिक्रियेला वेळ जास्त, पर्याय दुप्पट झाले की साधारण ठराविक वेळ वाढतो. बॉक्सिंगमध्ये फक्त दोन हात सांभाळायचे. इथे हात, कोपर, गुडघा, तीन उंचीवरच्या किक, आणि वर टेकडाउन, म्हणजे धरून जमिनीवर पाडणं. टेकडाउन अडवायला हात आणि कंबर खाली न्यावी लागते, पंच अडवायला हात वर हवेत, दोन्ही एकदम होत नाही. २०१८ मध्ये कुस्तीत पक्क्या खबीब नुरमागोमेदोवने कॉनरला दुसऱ्या राउंडमध्ये उजव्या हाताच्या पंचने खाली पाडलं ते यामुळेच. खबीब काही कॉनरपेक्षा भारी स्ट्रायकर नव्हता, पण कॉनरचं अर्धं डोकं पाय वाचवण्यात गुंतलेलं. म्हणून बॉक्सिंगचा चॅम्पियन पिंजऱ्यात आला की आपोआप चॅम्पियन होत नाही, त्याचा स्टान्स (उभं राहायची पद्धत), अंतर, सगळं बदलावं लागतं, त्यात ग्लोव्ह्ज साधारण ४ औंसचे म्हणजे बॉक्सिंगच्या निम्मे किंवा त्याहून लहान, त्यांच्यामागे तोंड लपत नाही.

उशीर करवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे फेंट, खोटा पंच. मेंदू एका इशाऱ्याला उत्तर द्यायला निघाला की लगेच पाठोपाठ आलेल्या दुसऱ्या इशाऱ्याचं उत्तर रांगेत थांबतं. त्या फटीत खरा पंच घालायचा. इझ्राएल अडेसान्याची फाइट बघताना अनेकांना वाटतं की हा नुसता खांदे हलवतोय, काही करत का नाही, अरे पण तो तेव्हा समोरचा कशाला कसा दचकतो याची माहिती गोळा करतोय! एप्रिल २०२३ मध्ये ॲलेक्स पेरेराने त्याला पिंजऱ्याच्या कडेला गाठलं, अडेसान्या गार्ड (तोंडासमोर धरलेले हात) घट्ट धरून जखमी झाल्यासारखा उभा, पेरेरा फाइट संपवायला मोकळा होऊन पुढे आला आणि अडेसान्याच्या उजव्या हाताच्या पंचांनी झोपला.

मग ताकदीला काहीच किंमत नाही का? आहे, पण ती येते जमिनीतून. सोव्हिएत बॉक्सरांवर १९८५ मध्ये आलेल्या अभ्यासात कसलेल्या बॉक्सरच्या पंचमध्ये पायांचा वाटा ३८ टक्क्यांच्या आसपास निघाला, नवख्यांमध्ये त्याच्या निम्माही नाही, त्यांचा भार हातावर आणि धडावर जास्त होता. २००० मधल्या एका मोजमापात टॉप बॉक्सरचा मागचा हात साधारण ४८०० न्यूटनने लागला, नवख्यांचा २४०० च्या आत. आणि सगळ्यात भन्नाट गोष्ट २०१० मध्ये स्टुअर्ट मॅकगिल यांच्या टीमने एमएमए फायटर्सच्या स्नायूंवर सेन्सर लावून पाहिली: स्नायू आधी आवळतो, मध्ये सैल पडतो म्हणून हात वेगात जातो, आणि लागायच्या क्षणी परत आवळतो म्हणून हातामागे शरीराचं वजन उभं राहतं. नवीन माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवळलेलाच असतो, त्यामुळे स्लो पण मारतो आणि दमतो पण. दमण्यावरून आठवलं, फ्रान्सिस एन्गानू एवढा राक्षसी ताकदीचा माणूस, पण जानेवारी २०१८ मध्ये स्टिपे मिओचिचसमोर पहिल्या राउंडनंतर हवा गेली आणि पॉइंटवर हरला. २०२१ मध्ये तोच शांतपणे, वाट बघत लढला आणि दुसऱ्या राउंडमध्ये त्याच मिओचिचला झोपवलं.

ताकद पायातून येते म्हटल्यावर पायच काढून घ्यायचे हेही ओघाने आलंच. काफ किक, म्हणजे पोटरीवरची किक, गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला मारतात, तिथे पेरोनियल नर्व्ह (पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नस) कातडीच्या अगदी जवळून जाते आणि स्नायूचं कव्हर फारसं नसतं, नीट चार-दोन बसल्या की पाऊल वर उचलायलाच त्रास होतो. जानेवारी २०२१ मध्ये डस्टिन पोइरियेने कॉनरचा पुढचा पाय असाच निकामी केला आणि मग हाताने संपवलं.

आता परत आल्डोकडे. नॉकआउट बहुतेक वेळा डोकं झटकन फिरल्यामुळे होतो, हनुवटी मानेपासून लांब असल्यामुळे तिथे लागलं की डोकं जास्त फिरतं आणि आत मेंदूला पीळ बसतो. येणारा पंच कळला तर मान आवळते आणि डोकं कमी फिरतं. आल्डो स्वतः पुढे झेपावत होता, त्याचा वेग त्या पंचमध्ये मिळाला, आणि हल्ल्याच्या मध्यात असल्यामुळे मान आवळायची सवडच नव्हती.

राहिला प्रश्न हे टायमिंग शिकायचं कसं. बॅग काही खांदा पाडून इशारा देत नाही, त्यासाठी समोर जिवंत माणूस लागतो, म्हणजे स्पारिंग (सरावातली फाइट), आणि जोरात स्पारिंग केलं की फाइटच्या आधीच मेंदू मार खातो. मॅक्स हॉलोवेने तयारीतलं स्पारिंग बंद केल्याचं उघड सांगितलंय, आणि जानेवारी २०२१ मध्ये कॅल्विन केटरला त्याने पाच राउंडमध्ये ४४५ सिग्निफिकंट स्ट्राइक (मोजणीत धरले जाणारे दमदार फटके) मारले, यूएफसीचा, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या संस्थेचा, रेकॉर्ड. अर्थात त्याआधीची वर्षानुवर्षांची स्पारिंग त्याच्या डोक्यात होतीच. विशीतल्या नवख्या पोराने पहिल्या दिवसापासून असं केलं तर तो वाचन शिकणार कुठून, यावर जिममध्ये कोच लोकांचं अजून एकमत नाही.