राजहंसांची टोपी आणि आतला आडवा धागा

दोन रंगांत विणलेली लोकरीची टोपी डोक्यात जाईना, की 'तुझा हात घट्ट आहे' हा शेरा ठरलेला. हात घट्ट असेलही, पण बहुतेक वेळा खरं कारण टोपीच्या आत दडलेलं असतं.

आयर्लंडच्या लोककथेतली लिरची मुलं घ्या. सावत्र आई ईफाने त्या चार भावंडांचे राजहंस केले आणि 900 वर्षं त्यांनी पाण्यावर काढली. निळ्या घेरावर चार पांढरे हंस फार देखणे दिसतात. लोककथा अशी हौसेने विणावी. पण आयर्लंडच्या अॅरन बेटांवरच्या लोकरी स्वेटरवर म्हणे घराण्यागणिक वेगळी वीण असते आणि बुडालेला कोळी तिच्यावरून ओळखतात, हे इतिहास म्हणून सांगू नये. त्याला पुरावा नाही. आयरिश नाटककार जे. एम. सिंगच्या 1904 सालच्या 'रायडर्स टू द सी' नाटकात बहीण बुडालेल्या भावाचा मोजा ओळखते, तो स्वतःच्या हातून सुटलेल्या टाक्यांवरून.

तर, हंसाचे पांढरे टाके घालताना निळा धागा मागून आडवा जातो. त्याला फ्लोट म्हणतात. लोकरीचा धागा स्वतः फारसा ताणत नाही, ताणतं ते टाक्याचं वळण: ओढलं की उंचीतला धागा रुंदीत सरकतो, सोडलं की परत येतो. फ्लोट सरळ असतो, त्यात वळणच नाही. तो जेवढा, तेवढीच टोपी फाकते.

उपाय भूमितीत आहे. नक्षी आत आणि फ्लोट बाहेर राहतील अशी टोपी धरायची आणि सुईच्या पलीकडच्या कडेवर सुलट टाके घालत जायचं. फ्लोट टाक्यांपासून 2 मिलिमीटर बाहेर धरला, तर त्याचा घेर 2π × 2, म्हणजे साधारण 12.5 मिलिमीटरने वाढतो. टोपी सुलटी केली की तोच फ्लोट 2 मिलिमीटर आत येतो आणि तिथे त्याला तेवढाच कमी धागा पुरतो. एकूण सैलपणा सुमारे 25 मिलिमीटर! त्रिज्या वजाबाकीत निघून जाते, म्हणून डोकं बाळाचं असो की मोठ्या माणसाचं, उत्तर तेच. प्रत्यक्षात धागा थोडा इकडेतिकडे सरकतो, पण फरक हाताला कळतो.

हंसाच्या पोटामागचा लांब फ्लोट मात्र दर चार-पाच टाक्यांनी अडकवून घ्या, नाहीतर बोटं गुंततात. आणि पांढरा धागा कायम खालून आणा. खालून येणाऱ्या धाग्याचे टाके किंचित मोठे पडतात, त्यामुळे हंस निळ्यावर उठून दिसतात.