बर्फ फरशी उचलतो, पण फुगून नव्हे

कॅनडातल्या एखाद्या मराठी घराच्या मागच्या अंगणातले पेव्हर ब्लॉक मार्चमध्ये वर-खाली झालेले दिसले, की व्हिडिओ कॉलवर बघणारा इकडचा कुणीही कारण लगेच सांगून टाकतो: पाणी गोठलं की फुगतं. फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली सगळ्यांना आठवत असते. गोठताना पाणी साधारण 9 टक्क्यांनी फुगतं हे अगदी खरं आहे. पण अंगण उचललं जातं ते मुख्यतः त्यामुळे नाही. आणि कारण चुकलं की उपायही चुकतो, म्हणून हा लेख.

आधी साधा हिशेब करू. ऑन्टारिओ प्रांतातल्या टोरंटो-मिसिसागाच्या पट्ट्यात जमीन सुमारे 1.2 मीटरपर्यंत गोठू शकते असं धरून घराचे पाये त्याखाली नेतात. त्यातली वरची एक मीटर माती घ्या. ती पाण्याने गच्च भरली आहे आणि तिच्यात 40 टक्के जागा पाण्याची आहे असं समजा. म्हणजे मीटरभरात 40 सेंटीमीटर पाणी. त्याचे 9 टक्के काढले तर 3.6 सेंटीमीटर. हा झाला कमाल आकडा, एक थेंबही आजूबाजूला सरकला नाही तरचा. प्रत्यक्षात रस्ते आणि अंगणं दहा-पंधरा सेंटीमीटर उचलली गेलेली आहेत. वरची उंची आली कुठून? मातीत आधी नव्हतं ते पाणी तिथे येऊन गोठलं म्हणून.

हे पक्कं दाखवून दिलं स्टीफन टेबर या अमेरिकन भूवैज्ञानिकाने. मोटारी वाढल्या, रस्ते वाढले आणि दर वसंतात ते उखडायला लागले, तो हा काळ. टेबर शिकवायचे साउथ कॅरोलायनात, जिथे थंडी बेताचीच. 1929 आणि 1930 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मातीचे नमुने वरून गोठवले होते आणि खालून त्यांना द्रव मिळत राहील अशी सोय केली होती. त्यातली खरी खुबी अशी की काही नमुन्यांत पाण्याऐवजी बेंझिन भरलं होतं. बेंझिन 5.5 अंशांना गोठतं आणि गोठताना आकसतं. तरीही माती उचलली गेली! फुगण्याचा सिद्धांत तिथेच निकालात निघाला. पुढे हेलियम आणि आरगॉन गोठवूनही हाच प्रकार दिसला. शंभर वर्षं होत आली, आपण मात्र अजून बाटलीच फोडतो आहोत.

मग मातीत नेमकं काय होतं? इथून पुढचे चार परिच्छेद जरा सावकाश वाचा, सगळी गंमत त्यांतच आहे.

मातीच्या कणाला लगटून असलेला पाण्याचा अत्यंत पातळ थर शून्याखालीही गोठत नाही. शून्याखाली एक अंश असतानाही बर्फ आणि कण यांच्यामध्ये काही नॅनोमीटर जाडीचं द्रव पाणी टिकून असतं. बर्फाच्या पृष्ठभागावर असा द्रव थर असतो हे मायकेल फॅरेडे यांनी 1850 मध्येच सुचवलं होतं. या थराची जाडी तापमानावर ठरते: थंडी जास्त तर थर पातळ. आता वर थंड हवा आहे आणि उष्णता वरच्या दिशेने निघून चालली आहे. बर्फ या थरातलं थोडं पाणी गोठवून स्वतःला जोडतो. थर असायला हवा त्यापेक्षा पातळ झाला, की तो आपली जाडी परत मिळवू बघतो. त्यासाठी तो खालच्या ओल्या मातीतून पाणी ओढतो आणि बर्फाला कणापासून दूर ढकलतो. बर्फ पुन्हा ते पाणी गोठवतो, थर पुन्हा ओढतो. बाजूला आणि खाली माती दाटलेली, मोकळीक फक्त वर. म्हणून बर्फ वरचं सगळं ओझं घेऊन वर सरकतो.

केवढ्या जोराने? ऊष्मागतिकीनुसार शून्याखालच्या प्रत्येक अंशामागे जास्तीत जास्त सुमारे 1.1 मेगापास्कल, म्हणजे अकराएक वातावरणांचा दाब. 60 मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक चौरस मीटरला 140 किलोच्या आसपास भरतात, म्हणजे त्यांचा दाब 1.4 किलोपास्कल. भागाकार करा. शून्याखाली अंशाच्या एक-सव्वा हजारांश एवढ्या थंडीत त्यांचं वजन तोललं जातं! वर मीटरभर मातीचं ओझं धरलं तरी तत्त्वतः अंशाचा पन्नासावा भाग पुरे. तेव्हा ‘जाड, वजनदार दगड घातला म्हणजे हलणार नाही’ हा युक्तिवाद बर्फापुढे चालत नाही.

मग सगळीच जमीन का उचलली जात नाही? बर्फाला बारीक छिद्रात शिरायचं तर त्याचा पृष्ठभाग बाकदार व्हावा लागतो, आणि बाकदार बर्फ नेमक्या शून्याला टिकत नाही, त्याला जास्त थंडी लागते. छिद्राची त्रिज्या 1 मायक्रोमीटर असेल तर सुमारे 0.05 अंश जास्त, 0.1 मायक्रोमीटर असेल तर अर्धा अंश. खडीच्या मिलिमीटरभर फटींत हा फरक नगण्य असतो. तिथे बर्फ सरळ आत शिरतो, पाणी जागच्या जागी गोठतं, ओढाओढ होत नाही. गाळमातीत मात्र बर्फ छिद्राच्या तोंडाशी अडतो, बाहेरच वाढत राहतो आणि छिद्रांतून पाणी पीत राहतो. चिकणमातीत छिद्रं आणखी बारीक, ओढही प्रचंड. पण तिच्यातून पाणी इतक्या संथ झिरपतं की बर्फाला ते वेळेत पोचत नाही. सर्वांत वाईट म्हणजे मधली, गाळाची माती. मातीचे अभ्यासक असलेले अभियंते आर्थर कासाग्रांदे यांनी 1931 मध्ये दिलेली कसोटी अजून वापरली जाते: निरनिराळ्या आकारांचे कण मिसळलेल्या मातीत 0.02 मिलिमीटरपेक्षा बारीक कण 3 टक्क्यांहून जास्त असले, तर ती उचलली जाण्याचा धोका धरायचा. फक्त 3 टक्के!

खालून येणारं पाणी आणि वर जाणारी उष्णता यांचा मेळ बसला, की बर्फाचा पट्टा त्याच खोलीवर जाड होत राहतो. थंडी वाढून मेळ मोडला की गोठण्याची हद्द खाली सरकते आणि तिथे नवा पट्टा धरतो. अशा मातीचा उभा छेद घेतला तर चिरोट्यासारखे पदर दिसतात: काळसर मातीचा पदर, मग स्वच्छ काचेसारखा बर्फाचा पदर, पुन्हा माती. त्यामुळेच एकदम पडलेल्या कडाक्यापेक्षा रेंगाळणारी बेताची थंडी पुष्कळदा जास्त उचल देते.

जमिनीतले मोठे धोंडेही याच चक्रात वर येतात. माती उचलली जाताना धोंडा तिच्याबरोबर वर जातो, त्याच्या खालच्या पोकळीत वितळताना बारीक माती घसरते, आणि धोंड्याला परत खाली बसायला जागा उरत नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधले शेतकरी दर वसंतात शेतातून असे दगड वेचत आणि त्यांचे बांध घालत. आपल्याकडे जमीन अशी गोठत असती, तर चौथ्या वर्षी त्यातल्या निम्म्या धोंड्यांना शेंदूर लागला असता आणि ‘स्वयंभू’ म्हणून पावत्या फाटायला लागल्या असत्या.

आता अंगणाकडे वळू. उचल व्हायला तीन गोष्टी लागतात: थंडी, पाणी आणि बारीक माती. ऑन्टारिओची थंडी आपल्या हातात नाही. मिसिसागाच्या बऱ्याच भागाखाली हिमनदीने आणून टाकलेली गाळमिश्रित चिकणमाती आहे, ती सगळी उपसणं परवडत नाही. राहिलं पाणी. टिकाऊ अंगणाचं कौशल्य जवळपास सगळं पाण्याच्या बंदोबस्तात आहे, आणि ते काम फोटोत कधीच दिसत नाही.

पुण्यात पेव्हर ब्लॉक बसवताना मुरूम दाबून घेतात, वर क्रशरची बारीक कच नाहीतर डस्ट पसरतात आणि ब्लॉक ठोकतात. इथे ते छान चालतं. ओळखीतल्या एका कुटुंबाने तिकडच्या ठेकेदाराकडून असंच करून घेतलं. तिकडेही ‘स्क्रीनिंग्ज’ नावाची चुनखडकाची भुकटी वापरायची जुनी सवय आहे, आणि दाबल्यावर ती दिसतेही झकास, सिमेंटसारखी सपाट. पण बारीक कणांनी भरलेला तो थर पाणी धरून ठेवतो. दुसऱ्या हिवाळ्यात मागच्या दाराजवळच्या ओळी वर आल्या आणि उतार फिरून घराकडे झाला. घराचा पाया खोल, तो हलला नाही. अंगण तेवढं हललं. बर्फ वितळायला लागल्यावर पाणी थेट तळघराच्या भिंतीशी. उकरून बघितलं तर खाली खडीचा थर जेमतेम 10 सेंटीमीटर.

हेच काम नीट करायचं तर 30 ते 40 सेंटीमीटर खणतात, तळाशी न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं कृत्रिम कापड, अंथरतात, म्हणजे खालची बारीक माती खडीत चढत नाही. त्यावर धुतलेली, भुकटी नसलेली साधारण 20 मिलिमीटरची खडी. तिकडे तिला ‘क्लीअर स्टोन’ म्हणतात. एकदम ओतायची नाही, दहा-दहा सेंटीमीटरचे थर देत प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे खडी ठोकून दाबणारं यंत्र, फिरवायचा. वर इंचभर धुतलेली बारीक कच, मग ब्लॉक. उतार घरापासून बाहेर, शंभरात दोन. चिकणमातीत खणलेला खड्डा म्हणजे हौदच, म्हणून तळाशी सच्छिद्र पाइप टाकून पाणी कुठेतरी खालच्या अंगाला काढून द्यावं लागतं. हे विसरलं तर खडी कितीही चांगली असो, ती पाण्यात बुडून बसते. अंगणाच्या कडा पक्क्या बांधल्या नाहीत तर ब्लॉक बाहेर पसरतात, हेही तितकंच खरं.

एवढं करूनही अंगण थोडं हलणारच. सांधे असलेले ब्लॉक थोडं वर जाऊन परत बसू शकतात. एकसंध काँक्रीटला तडा जातो. काँक्रीटच घालायचं असेल तर त्यात मुद्दाम हवा लागते. तिथल्या फुटपाथ-ड्राइव्हवेच्या मिश्रणात 5 ते 8 टक्के हवा असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या बुडबुड्यांच्या रूपात. गोठताना रेटलं जाणारं पाणी जवळच्या बुडबुड्यात शिरतं. काँक्रीटचे संशोधक टी. सी. पॉवर्स यांनी 1940च्या दशकात दाखवलं की एकूण हवेपेक्षा बुडबुड्यांमधलं अंतर महत्त्वाचं. सिमेंटच्या कुठल्याही बिंदूपासून बुडबुडा साधारण 0.2 मिलिमीटरच्या आत हवा. या हवेचा फायदा 1930च्या दशकात अमेरिकेत अपघाताने लक्षात आला होता: सिमेंट दळताना चरबी मिसळलेले रस्ते जास्त टिकत होते, कारण चरबीमुळे फेस धरत होता.

बाजारात ‘फ्रॉस्ट-प्रूफ’ म्हणून विकली जाणारी सीलरं, म्हणजे वरून लावायचे लेप, बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठापासून पृष्ठभागाला थोडंफार वाचवतात. उचल थांबवणं त्यांना शक्य नाही, कारण पाणी खालून येतं. ब्लॉकवरच्या ‘आजीवन वॉरंटी’चंही तसंच: ती ब्लॉकची असते, खालच्या खडीची नसते. मिठाबद्दल एक चमत्कारिक गोष्ट: काँक्रीटचे पापुद्रे सर्वांत जास्त सुटतात ते सुमारे 3 टक्के मिठाच्या पाण्यात. त्याहून खारट पाण्यात नुकसान उलट कमी होतं.

अंगणात पर्गोला किंवा डेकचे खांब असतील तर त्यांचा पाया 1.2 मीटरखाली हवाच. तरी तो वर ओढला जाऊ शकतो, कारण गोठलेली माती खांबाला बाजूंनी घट्ट धरते आणि स्वतः उचलली जाताना त्यालाही घेऊन जाते. म्हणून काँक्रीट गुळगुळीत नळीत ओततात आणि तळ पसरट ठेवतात.

बर्फ वितळतो मुख्यतः वरून खाली. मधे अजून गोठलेला थर असल्यामुळे वितळलेलं पाणी खाली जाऊ शकत नाही, आणि वरची माती लापशीसारखी मऊ होते. ऑन्टारिओत मार्च-एप्रिलमध्ये बऱ्याच रस्त्यांवर जड वाहनांना एक्सलमागे 5 टनांची मर्यादा असते ती याचसाठी. तेव्हा वर आलेले ब्लॉक बघून मार्चमध्येच हातोडा घ्यायची घाई करू नये. मेपर्यंत निम्मे आपले आपण खाली बसतात. जे बसत नाहीत तेवढेच उचलायचे आणि त्यांच्याखाली पाणी कुठून येतंय ते शोधायचं. बहुतेक वेळा छतावरून उतरणाऱ्या पावसाच्या पाइपाचं तोंड तिथेच उघडत असतं.