मावशीच्या रिपोर्टातलं कलिंगड

गेल्या दिवाळीत मावशीच्या हातातल्या बांगड्या निघेनात. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजली होती. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळायची नाही आणि कणीक मळायचं काम काकांकडे गेलं होतं. 'वात आहे, वयाचं आहे' म्हणत चार महिने तेल चोळून झाल्यावर एकदाची रक्ततपासणी झाली. रिपोर्टात 'अँटी-सीसीपी' या ओळीपुढे ठळक अक्षरात मोठा आकडा. सीसीपी म्हणजे सायक्लिक सिट्रुलिनेटेड पेप्टाइड. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका उत्साही नातेवाइकाने त्यातलं 'सिट्रु' तेवढं वाचलं आणि फतवा काढला: सिट्रस म्हणजे लिंबू, संत्रं, मोसंबी; तेव्हा आजपासून आंबट बंद! ताकसुद्धा.

हे 'सिट्रु' कलिंगडाचं आहे. (विदर्भवाल्यांनी टरबूज वाचावं.) १९१४ साली जपानमध्ये कोगा आणि ओदाके यांनी कलिंगडाच्या रसातून एक पदार्थ वेगळा काढला. १९३० मध्ये वादा यांनी त्याची रचना उलगडली. कलिंगडाचं शास्त्रीय नाव सिट्रुलस, त्यावरून हे सिट्रुलीन. सिट्रुलस या शब्दाचं लिंबाच्या लॅटिन नावाशी लांबचं नातं आहे खरं, पण ते भाषेपुरतं. पोह्यांवर पिळलेल्या लिंबाने मावशीच्या बोटांचं काही बिघडत नाही. मग कलिंगड बंद करायचं का? तेही नाही. ते का नाही, हे सांगण्यासाठीच खरं तर मी लिहायला बसले आहे.

आधी आजाराची ओळख. गुडघा झिजला, युरिक अ‍ॅसिड वाढलं, बोटं सुजली, आपल्याकडे सगळ्याला 'संधिवात' हा एकच शब्द. मावशीला झालाय तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर चाल करून जाते. अस्तर सुजून जाड होतं आणि शेजारची कूर्चा नि हाड पोखरू लागतं. नखाजवळचे सांधे बहुतेक वाचतात, बोटांच्या मुळाशी आणि मधल्या पेरांशी दुखणं बसतं. ल्युपस हा आजारही याच कुळातला. त्यात प्रतिपिंडांचा (म्हणजे अँटिबॉडींचा) रोख पेशीच्या केंद्रकातल्या ऐवजावर, अगदी डीएनएवरही असतो. मावशीच्या आजारात रोख नेमका कशावर, याचा माग काढायला चौतीस वर्षं गेली.

१९६४ साली नेदरलँड्समध्ये निनहाउस आणि मांडेमा यांनी गालाच्या आतल्या पेशी खरवडून काचपट्टीवर घेतल्या आणि त्यांच्यावर रुग्णांच्या रक्तातलं सीरम सोडलं. त्यातले प्रतिपिंड केंद्रकाभोवतीच्या बारीक कणांना जाऊन चिकटले. निरोगी माणसांच्या सीरममध्ये हे क्वचितच घडे. पण मेख अशी की प्रत्येकाच्या गालातल्या पेशी चालत नसत. योग्य गालाचा माणूस शोधायचा आणि त्याला सांभाळून ठेवायचा, असली तपासणी गल्लीतल्या लॅबमध्ये कशी चालणार? म्हणून सगळीकडे राज्य राहिलं ते आरए फॅक्टरचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठीच्या दुसऱ्या एका प्रतिपिंडाच्या तपासणीचं. नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० मध्ये नोंदवलेली ही तपासणी सोपी, पण थोडी फसवी. क्षयरोग, हिपॅटायटिस सी किंवा नुसतं म्हातारपण असलं तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

१९९० च्या दशकात कळलं की गालातल्या त्या कणांमध्ये फिलॅग्रिनच्या घराण्यातलं प्रथिन आहे. आता पंचाईत. फिलॅग्रिन हे त्वचेचं प्रथिन, सांध्यात ते औषधालाही सापडत नाही. मग सांध्याच्या रुग्णांचे प्रतिपिंड त्याच्या मागे का लागतात? १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्याच नाइमेखन इथल्या वाल्टर फान फेनरॉय यांच्या गटाने उत्तर दिलं. प्रतिपिंडांना फिलॅग्रिनशी देणंघेणं नव्हतंच. ते त्याच्या अंगावरचं सिट्रुलीन ओळखत होते. आणि सिट्रुलीनवाली प्रथिनं सुजलेल्या सांध्यात भरपूर असतात. मावशीच्या रिपोर्टातली 'अँटी-सीसीपी'ची ओळ याच प्रतिपिंडांची.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, हे शाळेत झालं आहे. नेहमीच्या वीस मण्यांत सिट्रुलीन नाही. डीएनएच्या लिपीत त्याला अक्षरच नाही, त्यामुळे खाल्लेल्या कलिंगडातलं सिट्रुलीन प्रथिनात ओवलं जाऊच शकत नाही. आपली मूत्रपिंडं त्याचं आर्जिनीन करून टाकतात. मग प्रथिनात ते येतं कुठून? माळ ओवून झाल्यावर, जागच्या जागी. 'पॅड' नावाची विकरं (एन्झाइम) माळेतल्या आर्जिनीनच्या टोकाचा नायट्रोजनवाला गट काढतात आणि तिथे ऑक्सिजन बसवतात. वजनात फरक पडतो हायड्रोजनच्या एका अणूइतका. आपल्या 'दिन' आणि 'दीन'मध्ये नुसता वेलांटीचा फरक, पण एकात उजाडतं आणि दुसऱ्यात दारिद्र्य येतं. इथली वेलांटी म्हणजे विद्युतप्रभार. आर्जिनीनवर धनप्रभार असतो, सिट्रुलीनवर नसतो.

एवढ्याने काय होतं? पुष्कळ होतं. प्रथिनाची घडी बऱ्याच अंशी धन-ऋण ओढीवर टिकलेली असते. प्रभार गेला की घडी सैलावते. त्वचेत शरीर हे मुद्दाम घडवून आणतं: केराटिन या त्वचेतल्याच दुसऱ्या प्रथिनाला धरून बसलेल्या फिलॅग्रिनची पकड सुटावी म्हणून. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिलांचा प्रकार तर अचाट. त्यांच्या केंद्रकात ऋणप्रभारी डीएनए धनप्रभारी हिस्टोन प्रथिनांभोवती रिळाच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. पॅड विकर हिस्टोनांवरचे प्रभार पुसतं, दोरा सुटतो, आणि ती पेशी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जंतूंना अडकवते. या विकरांना भरपूर कॅल्शियम लागतं. पेशीच्या आत ते बाहेरच्या तुलनेत हजारो पटींनी कमी असतं, म्हणून एरवी ती गप्प बसतात. पेशी मरते, पडदा फाटतो, कॅल्शियम आत घुसतं आणि विकरांना चेव चढतो. म्हणजे जिथे सूज, तिथे सिट्रुलीन. तुमच्या-माझ्या सुजलेल्या भागातही तयार होत असेल. मग आपल्याला आजार का नाही?

आता जरा जड भाग. घाई असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जावं, मला मात्र हा टाळवत नाही. प्रथिनांचे तुकडे टी-पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या पहारेकऱ्यांना, दाखवण्यासाठी काही पेशी एचएलए नावाच्या रेणूंचं ताट पुढे करतात. ताटाला खळगे असतात, आणि कुठला तुकडा घट्ट बसणार ते खळग्यांच्या आकारावर नि प्रभारावर ठरतं. १९८७ मध्ये ग्रेगरसन आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की या आजाराशी जोडलेल्या एचएलए-डीआरबी१ च्या वेगवेगळ्या प्रकारांत ७० ते ७४ या क्रमांकांच्या जागी जवळपास एकसारखीच अमिनो आम्लं आहेत. ती जागा चौथ्या खळग्याला धनप्रभार देते. धनप्रभारी आर्जिनीन आलं तर खळगा त्याला ढकलून देतो. तेच सिट्रुलीन होऊन आलं की अलगद आत बसतं. ज्यांच्या वाट्याला हे ताट आलं आहे, त्यांच्या टी-पेशींसमोर असे तुकडे वाढले जातात, आणि बालपणी थायमस या छातीतल्या ग्रंथीमध्ये 'आपलं कोण' हे शिकताना ते पुरेसे दाखवलेच गेले नसावेत, असं मानलं जातं. टी-पेशी बिथरतात, प्रतिपिंड बनवणाऱ्या बी-पेशींना चिथावतात आणि प्रतिपिंड सुरू होतात.

सिगारेटचा दुवाही इथेच. २००६ मध्ये स्टॉकहोमच्या क्लारेस्कोग यांच्या गटाने धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसातून धुऊन काढलेल्या पेशींत सिट्रुलीनवाली प्रथिनं दाखवली. आई-बाप दोघांकडून हे ताट मिळालेलं आणि वर सिगारेट, अशा लोकांत या प्रतिपिंडांसह होणाऱ्या आजाराचा धोका, ताट नि सिगारेट दोन्ही नसलेल्यांच्या तुलनेत २१ पट निघाला. म्हणजे सांध्याच्या आजाराची ठिणगी फुप्फुसात पडलेली असू शकते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आंबटावर राग काढणाऱ्या नातेवाइकांनी पुढच्या आठवड्यात तांब्याचं कडं आणलं. ब्रिटनमध्ये ७० रुग्णांवर पाच महिने तांब्याची कडी आणि चुंबकाचे पट्टे तपासून झाले आहेत. वेदनेत, सुजेत काही फरक पडला नाही. निकाल २०१३ चा. कडं निदान निरुपद्रवी तरी आहे. 'आठ दिवसांत आराम' देणाऱ्या बिननावाच्या पुड्या तशा नसतात, कारण अशा पुड्यांत लपवलेलं स्टेरॉइड अनेकदा सापडलेलं आहे. दुसऱ्या टोकाला 'फुल बॉडी' पॅकेजं. सांधे ठणठणीत असलेल्या माणसाचा आरए फॅक्टर काढायचा आणि त्याला महिनाभर घोर लावायचा!

बारामतीहून फार लांब नसलेल्या, उजनीच्या फ्लेमिंगोंमुळे माहीत असलेल्या भिगवणमध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूने १९९६ मध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दोनशे माणसांमागे एक म्हणजे मावशी काही जगावेगळी नाही.

तिची मुलगी मात्र अस्वस्थ आहे. "माझीही सीसीपी करून घेऊ का गं?" प्रश्न रास्त आहे, कारण हे प्रतिपिंड आजाराच्या बरेच आधी येतात. नेदरलँड्समध्ये पुढे आजारी पडलेल्या ७९ रक्तदात्यांचे जुने साठवलेले नमुने काढून पाहिले, तर जवळपास निम्म्यांच्या रक्तात सीसीपीचे प्रतिपिंड किंवा आरए फॅक्टर लक्षणांच्या कित्येक वर्षं आधीच हजर होता. पण कळून करायचं काय? प्रतिपिंड आहेत, सांधे दुखतात, सूज अजून नाही, अशा लोकांना ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये वर्षभर अबाटासेप्ट हे औषध देऊन पाहिलं. २०२४ मध्ये निकाल आले. वर्षाअखेर औषधवाल्यांत ६ टक्के आजारी, नकली औषध मिळालेल्यांत २९. औषध थांबल्यावर आणखी एका वर्षाने २५ आणि ३७. आजार लांबला, टळला असं म्हणवत नाही.

मी तिला म्हटलं, काहीच दुखत नसताना तपासणी करू नकोस. सकाळी बोटं अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडायला लागली, तर मात्र तेल चोळत चार महिने घालवू नकोस. मावशी आता आठवड्यातून एकदा, रविवारी, या आजारावरची मेथोट्रेक्सेट घेते. ती गोळी रोजची समजून घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून काकांनी कॅलेंडरवर रविवारभोवती लाल गोल केले आहेत. कणीक अजून तेच मळतात.