ॲसिड नेमकं कुणी खाल्लं?

विटा-आटपाडीकडच्या किती घरांतली माणसं परराज्यांत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात आहेत, हे सांगली जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. जुन्या सोन्यात आधी चांदी मिसळायची, सोनं चौथ्या हिश्शावर आणायचं आणि मग ते नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचं. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाशी उरतं. सोन्याचा हिस्सा जास्त राहिला तर आतल्या चांदीपर्यंत ॲसिड पोचतच नाही, म्हणून ही मुद्दामची भेसळ.

हलक्या प्रतीच्या खनिजातून तांबं काढताना खेळ उलटा: हवा तोच धातू विरघळवायचा, बाकीचं मागे ठेवायचं. टनामागे चार किलो तांबं असलेला दगड भट्टीत घालणं परवडत नाही. म्हणून तो फोडून प्लास्टिकच्या अस्तरावर त्याचा ढीग रचतात आणि वरून पातळ सल्फ्युरिक ॲसिड सोडतात, तेही ठिबकच्या नळ्यांनी! तासगावच्या द्राक्षबागायतदाराला तिथं फारसं काही शिकवावं लागणार नाही. महिनोन्महिने झिरपून खाली निळसर द्रावण जमतं. त्यातलं तांबं सेंद्रिय द्रावकात ओढून घेतात आणि शेवटी विजेच्या साहाय्यानं पत्र्यावर चढवतात. चिलीत असे ढीग डोंगराएवढे आहेत.

खरा हिशेब मात्र ॲसिडचा. ऑक्साइड रूपातलं किलोभर तांबं विरघळायला सुमारे दीड किलो सल्फ्युरिक ॲसिड लागतं. म्हणजे आपल्या चार किलोंना सहा किलो. तेही पत्र्यावर तांबं चढताना परत तयार होतं. पण त्याच दगडात दहा टक्के चुनखडी असली, तर ती एकटीच टनामागे जवळपास 98 किलो ॲसिड गिळते. ते परत येत नाही. त्याचं जिप्सम होतं आणि ढिगातल्या वाटाच बुजवतं. नुसतं ‘तांबं किती टक्के’ विचारून खाणीचा अंदाज बांधणारे इथंच फसतात.

साताऱ्याच्या काळ्या कातळातही तांबं असतं, टनामागे शंभर-दोनशे ग्रॅम. तेवढ्यासाठी ॲसिड ओतलं तर त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोहच त्यावर ताव मारतील.

चुन्याच्या दगडात तांबं असेल तर ॲसिड सोडून दुसरंच काही वापरावं लागतं. अलास्कातल्या केनिकॉट खाणीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यासाठी अमोनिया वापरला. तो तांबं विरघळवतो, चुन्याला हात लावत नाही.